कुटुंब दिनाची यादी

विद्यापीठाच्या विद्यार्थी साहाय्य कक्षाला तीन खिडक्या होत्या. पहिलीवर वसतिगृहाच्या तक्रारी, तिसरीवर ओळखपत्रं आणि मधलीवर काकू. मधल्या खिडकीवरच्या पाटीवर नुसतं 'इतर' असं लिहिलं होतं, आणि त्या 'इतर'मध्ये काय म्हणून नसायचं! कुणाचं सामान प्रवासात हरवलेलं, कुणाला घरची आठवण येऊन ताप भरलेला. एका वडिलांनी तर ग्रंथालयात उजेड पुरेसा असतो ना, म्हणून तीनदा फोन केला होता. त्यांचा मुलगा मात्र खिडकीवर येऊन 'ग्रंथालय कुठल्या बाजूला आहे?' असं काकूंना हळूच विचारून गेला होता.

काकू एकोणीस वर्षं त्या खुर्चीत होत्या. विद्यार्थी त्यांना काकू म्हणत, म्हणून कक्षप्रमुख साहेबही काकूच म्हणत. आपण कुणाचं वाईट केलेलं नाही, एवढं समाधान त्यांच्या गाठीशी होतं. ते त्या शनिवारी गेलं.

सत्र सुरू होऊन आठ आठवडे झाले की कक्षातर्फे 'कुटुंब दिन' असायचा. नव्या विद्यार्थ्यांच्या घरच्यांना पत्रं जायची. सकाळी सभागृहात प्राध्यापकांशी गप्पा, अकरा वाजता मुलं येऊन मिळायची, मग सगळ्यांनी मिळून परिसर बघायचा. दारातल्या टेबलावर नावांचे बिल्ले मांडून काकू बसल्या होत्या. साडेनऊच्या सुमारास एक बाई आल्या. तिशीच्या असतील. खांद्याला पिशवी, हातात घडी घातलेलं पत्र. उजव्या हाताच्या बोटांवर सुईचे बारीक बारीक टोचे. चेहरा असा, की जणू यांच्याच घरचं लग्न आहे.

"मी ताई तिची," त्या म्हणाल्या आणि बहिणीचं नाव सांगितलं. "गणिताला आहे. दुकानाला कुलूप लावून आले. शिवणाचं दुकान आहे माझं. गिऱ्हाइकांना सांगितलं, सोमवारपर्यंत कुणी फाडायचं नाही आणि कुणी जाड व्हायचं नाही."

काकू हसल्या आणि बिल्ले चाळू लागल्या. एकदा चाळले, दोनदा चाळले. नाव नव्हतं. तिसऱ्यांदा चाळायला हात गेला तेव्हा त्यांना आठवलं.

तिसऱ्या आठवड्यातला मंगळवार होता तो. खिडकीवर ही मोठी रांग. एक बारीक अंगाची मुलगी पुढे आली आणि प्रवेश रद्द करण्याचा अर्ज मागितला. तिथेच उभ्या उभ्या भरला. 'कुटुंबाला कळवण्यास संमती आहे का?' यापुढच्या चौकटीत तिनं 'नाही' लिहिलं आणि विचारलं, "घरी कळेल का?"

"आमच्याकडून नाही," काकू म्हणाल्या होत्या. मग नियमाप्रमाणे म्हणाल्या, "त्या खोलीत समुपदेशक बसतात, एकदा भेटून घे." मुलीनं खोलीकडे पाहिलं. बाहेरच्या बाकावर सात जण बसले होते. मागचा माणूस खाकरला. काकूंनी शिक्का मारला, मुलगी निघून गेली. सगळं मिळून चार मिनिटं.

आणि कुटुंब दिनाची पत्रं पाठवताना काकूंनी पहिल्या आठवड्याची यादी वापरली होती. बिल्ले नव्या यादीवरून छापले होते, पत्रं मात्र जुन्या यादीवरून गेली.

"नाही का सापडत?" ताईंनी विचारलं.

"छापायचं राहिलेलं दिसतंय," काकूंच्या तोंडून निघून गेलं. त्यांनी कोरा बिल्ला घेतला, वळणदार अक्षरात नाव लिहिलं आणि ताईंच्या हातात ठेवला. ताईंनी तो लगेच लावला आणि जरा कोनात गेलेला सरळ केला.

"मी येतेय हे तिला सांगितलेलंच नाही," त्या म्हणाल्या. "अशी अचानक दिसले की बघा कशी उडते. रोज संध्याकाळी फोन करते हो. आज काय शिकवलं ते सगळं सांगते. मला ओ की ठो कळत नाही, पण मशीन बंद ठेवून ऐकते. आई गेली तेव्हा ही सहा वर्षांची होती. वेणी घालताना पाढे म्हणायची." पिशवीतून त्यांनी एक कागद काढला. कापडाचे साचे काढायचा तपकिरी कागद होता. त्यावर पेन्सिलीनं चार ओळी. "प्राध्यापकांना विचारायला प्रश्न लिहून आणलेत. तुम्ही बघता का, बावळटासारखे तर नाहीत ना?"

काकूंनी कागद हातात घेतला नाही. "चांगलेच असतील," त्या म्हणाल्या. "बसा आत. मुलं अकरानंतर येतात."

ताई थेट पहिल्या रांगेत जाऊन बसल्या.

काकू तशाच साहेबांकडे गेल्या. कक्षप्रमुख साहेब भाषणाचा कागद पाठ करत होते. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला. "तोंडातून अक्षर काढायचं नाही," ते म्हणाले. "संमती नाही म्हणजे नाही. मुलगी सज्ञान आहे. पण यादी जुनी गेलीच कशी?"

"मी पाठवली."

"आणि बिल्ला?"

"मीच लिहिला."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "आता काय करणार?"

काकू खिडकीमागे गेल्या, कपाटातून मुलीचा अर्ज काढला आणि त्यावरचा नंबर फिरवला.

बऱ्याच वेळानं फोन उचलला गेला. मागे दुकानाची घंटी वाजल्यासारखा आवाज आला.

"विद्यार्थी कक्षातून बोलतेय. मधल्या खिडकीवरची. तुझी ताई इथं आली आहे."

पलीकडून अगदी बारीक आवाज आला. "तुम्ही सांगितलं तिला?"

"नाही. पण पत्र आमच्याकडून गेलं. चूक माझी आहे."

"तुम्ही म्हणाला होतात कळणार नाही."

"म्हणाले होते."

"तिला सांगा, माझी परीक्षा आहे. नाहीतर सांगा, वर्गाबरोबर बाहेरगावी गेलीये. काहीही सांगा ना!"

"सकाळपासून एक थाप मारून झाली माझी," काकू म्हणाल्या. "दुसरी मारवत नाही. तू ये. तुझ्या तोंडून कळू दे तिला."

"काय सांगू? वर्गात पहिल्या दिवशी फळ्यापुढे उभं केलं आणि तोंडातून शब्दच फुटेना, हे सांगू? मग रोज प्रसाधनगृहात तास संपेपर्यंत बसून राहायचे, ते सांगू? ती दुकानात जो येईल त्याला सांगते, माझी बहीण गणिताची बाई होणार म्हणून." मुलगी रडायला लागली होती. "आधी मला वाटलं, एका आठवड्यानं सांगू. मग दुसरा आठवडा. मग 'आज हे शिकवलं' असंसुद्धा मी बनवून सांगायला लागले."

त्या मंगळवारी मुलीला खुर्ची देऊन फक्त 'काय झालं?' एवढं विचारलं असतं तर हे सगळं काकूंनी तेव्हाच ऐकलं असतं.

"कुठे आहेस आत्ता?"

"चष्म्याच्या दुकानात. तिथेच काम करते. चालत पंधरा मिनिटं."

"मग ये. मी त्यांना बसवून ठेवते."

"येते," असं ऐकू आलं, की तसा भास झाला, कोण जाणे. फोन बंद झाला होता.

काकू लगबगीनं सभागृहाच्या दाराशी पोचल्या आणि जागीच थांबल्या. आत प्रश्नोत्तरं सुरू झाली होती. पहिल्या रांगेत ताई उभ्या होत्या, एका हातात माइक, दुसऱ्या हातात तो तपकिरी कागद. व्यासपीठावर गणिताच्या प्राध्यापिका मान तिरकी करून ऐकत होत्या.

"मी फार शिकलेली नाही," ताई वाचत होत्या. "पण घरी तिला कुठल्या गोष्टीत मदत करता येईल? आणि दुसरं, ती फोनवर हल्ली लवकर दमते. अभ्यास जास्त होतोय का?"

प्राध्यापिकेला प्रश्न आवडला. त्यांनी कौतुकानं बहिणीचं नाव विचारलं, समोरची हजेरी उघडली, वरून खाली बोट फिरवलं. मग पुन्हा फिरवलं. "या नावाची विद्यार्थिनी माझ्या वर्गात नाही," त्या सरळपणे म्हणाल्या. "दुसऱ्या विषयाला असेल."

"नाही हो, गणितालाच. नीट बघा ना. रोज येते ती."

"पहिल्या आठवड्यात होती, हे दिसतंय. नंतर नाव कमी झालंय." इथं साहेब मोठ्यानं खाकरले. प्राध्यापिका गप्प झाल्या. पण बोलून झालं होतं.

मागच्या कुठल्यातरी रांगेत कुणीतरी हलकंसं हसलं. कदाचित त्याचं हसणं वेगळ्याच गोष्टीला असेल. ताईंनी कागदाची घडी घातली, माइक शेजारच्या गृहस्थांच्या हातात दिला, अगदी 'आभारी आहे' असंही म्हणाल्या, आणि दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांमधून ताठ चालत बाहेर आल्या. दारात काकू होत्या.

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मघाशी नाव लिहिताना?"

"हो."

"कधी सोडलं तिनं? का सोडलं? कुठे राहते मग ती?"

"ते मला सांगायचा अधिकार नाही."

"अधिकार नाही!" ताईंचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "आणि मला पहिल्या रांगेत बसवून चारचौघांत वेडी ठरवायचा अधिकार आहे? मी काय मागितलं होतं तुमच्याकडे? नाव नाही म्हणाला असतात तर मी बाहेरच्या बाहेर तिला फोन केला असता. माझ्या बहिणीचं मला एकटीला कळलं असतं."

काकूंनी समुपदेशकांची खोली उघडली, पंखा लावला, पाणी आणलं. ताई आत गेल्या नाहीत, पाण्याला हात लावला नाही. व्हरांड्यात भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. काकूही समोरच्या भिंतीशी उभ्या राहिल्या. जावं तर पळून गेल्यासारखं, थांबावं तर डोळ्यांत खुपल्यासारखं.

अकराला पाच कमी असताना मुलगी आली. धावत आली असावी. केस विस्कटलेले, हातात काचा पुसायचं मऊ फडकं तसंच राहिलेलं. ताईंना बघून ती दहा पावलांवर थबकली.

"ताई."

ताईंनी तिला वरून खालपर्यंत पाहिलं. "बारीक झालीयस," त्या म्हणाल्या. आणि मग बांध फुटला. "काल काय सांगत होतीस मला फोनवर? काल! ते काहीतरी वक्र आणि त्याचा उतार. मी रात्रभर तो शब्द घोकला, म्हटलं उद्या त्यांच्यासमोर चुकायला नको. कुठून आणलास तो उतार?"

"पुस्तक आहे माझ्याकडे. वाचून सांगायचे."

"वाचून कळतं तुला?"

"हो."

"मग सोडलंस कशाला?"

मुलीनं तोंड उघडलं. शब्द आलाच नाही. ओठ हलले, मानेच्या शिरा ताणल्या गेल्या, डोळे मोठे झाले. काकूंनी हे फोनवरून ऐकलं होतं, आता समोर पाहिलं. ताईंनीही पाहिलं. क्षणभर त्यांचा हात पुढे झाला. मग त्यांनी तो मागे घेतला.

"मी सोळाव्या वर्षी मशीनवर बसले," त्या म्हणाल्या. "तुला हे कधी ऐकवलं नाही. आज ऐकवते."

"म्हणूनच," मुलीला कसेबसे शब्द सापडले, "म्हणूनच सांगता येत नव्हतं. तू कधी ऐकवलं नाहीस, तरी मला रोज ऐकू यायचं."

तेवढ्यात अकरा वाजले. व्हरांड्याच्या टोकाकडून नव्या विद्यार्थ्यांचा घोळका आला, सभागृहाची दारं उघडली, 'अगं इकडे', 'बाबा इथं' असा एकच कल्ला झाला. त्या गर्दीतून ताई वाट काढत जिन्याकडे निघाल्या. मुलगी मागोमाग गेली, पण शेजारी नाही. काकूंनी खिडकीतून पाहिलं. बसथांब्याच्या बाकावर दोघी दोन टोकांना बसल्या होत्या. बस आली तेव्हा ताई चढल्या. मुलगी खालीच राहिली.

बुधवारी ताईंचं तक्रारीचं पत्र आलं. चौकशी झाली. काकूंनी काही लपवलं नाही, यादी आणि बिल्ला दोन्ही कबूल केलं. त्यांच्या एकोणीस वर्षांच्या कोऱ्या नोंदवहीत पहिली ताकीद लिहिली गेली. सही करताना त्या साहेबांना म्हणाल्या, "प्रवेश रद्द करायला आलेल्या मुलाला कुणीतरी वीस मिनिटं बसवून ऐकल्याशिवाय शिक्का मारायचा नाही, असा नियम करा."

"एवढी माणसं कुठून आणू?" साहेब म्हणाले. त्यांचंही खोटं नव्हतं.

तेव्हापासून असा अर्ज आला की काकू मधली खिडकी बंद करतात आणि स्वतःच त्या मुलाला घेऊन आत बसतात. बाहेरची रांग चडफडते. काही मुलं बोलतात, बरीचशी घड्याळाकडे बघत बसतात. एकीनं तर स्पष्ट विचारलं, "हे बसणं सक्तीचं आहे का?"

दोनेक महिन्यांनी, दुपारी, मधल्या खिडकीचा फोन वाजला. आवाज ओळखायला काकूंना वेळ लागला नाही. मागे शिवणयंत्राची घरघर चालू होती, ती थांबली.

"तक्रार मी केली होती," ताई म्हणाल्या. "त्याबद्दल माफी मागायला फोन केलेला नाही."

"मागूही नका."

"ती चष्म्याच्या दुकानातच आहे अजून. डॉक्टरांकडे जाते, बोलण्याच्या त्रासासाठी. मी विचारते, परत शिकणार का? ती म्हणते, माहीत नाही." ताई थांबल्या. "परत यायचं तर काय करावं लागतं?"

"तिनं विचारलंय का?"

"नाही. मी विचारतेय."

"अर्ज मी पाठवू शकते. पण तो तिच्या नावानं, तिनं मागितला तर."

"ठाऊक होतं, हेच म्हणाल," ताई म्हणाल्या, पण फोन ठेवला नाही. जरा वेळानं म्हणाल्या, "संध्याकाळी अजून फोन करते ती. पण बोलायला काही सुचतच नाही दोघींना. आधी निदान ते खोटं तरी होतं."

खिडकीबाहेर चार जण उभे होते. काकूंनी त्यांना हातानं थांबायची खूण केली.

"चष्म्यांचं विचारा तिला," त्या म्हणाल्या.

"चष्म्यांचं काय विचारायचं?"

"ते मलाही सांगता येणार नाही. दिवसभर ती तेच करते, म्हणून म्हटलं."

"चष्म्यांचं," ताई स्वतःशीच पुटपुटल्या. मग यंत्र पुन्हा घरघरू लागलं, आणि निरोप न घेताच फोन बंद झाला. काकूंनी पुढच्याला बोलावलं.