डॉक्टरांची चेष्टा

मुलांनो, जरा मनात आणा: तुमचा उजवा पाय डाव्या पायाला शिवून टाकलाय. तीन आठवडे. कूस बदलायची नाही, खाज आली तरी हलायचं नाही. जमेल?

१९९४ साली लखनौच्या एका इस्पितळात जयसिंगरावांवर ही वेळ आली. बँकेतून अलीगंजला घरी येताना ट्रकनं त्यांच्या स्कूटरला धडक दिली. घोट्याच्या जरा वर कातडी, मांस सगळं निघून नडगीचं हाड उघडं पडलं. उघडं हाड वाळतं, मरतं. मग पाय कापावा लागतो.

त्यांची बायको वीणा कराडहून येऊन सहाच महिने झाले होते. तिचं हिंदी सब्जी घेण्यापुरतं. म्हणून डॉक्टर सांगत होते ते दहा वर्षांची मुलगी अश्लेषा, शाळेतून थेट आलेली, आईला मराठीत सांगत होती.

मांडीची पातळ कातडी उघड्या हाडावर जगत नाही, तिला खालून रक्त मिळत नाही. पोटरीचा स्नायू वळवावा, तर तो इतक्या खाली पोचत नाही. शिरा जोडून अंगावरचं दुसरीकडचं मांस बसवायची सोय तिथे नव्हती. उरला एकच उपाय. धड पायाच्या पोटरीवरचा जाड तुकडा तीन बाजूंनी सोडवायचा, चौथी बाजू तशीच ठेवायची आणि तो जखमेवर शिवायचा. मोगऱ्याचं दाब कलम करतात ना, तसंच. फांदी नव्या कुंडीत मुळं धरेपर्यंत झाडापासून तोडायची नाही.

"म्हणजे चांगल्या पायालाही हात लावणार?" वीणानं विचारलं.

अश्लेषानं ते हिंदीत सांगितल्यावर डॉक्टर म्हणाले, "बहनजी, हम पूरी चेष्टा करेंगे."

वीणानं सहीचं पेन खाली ठेवलं. "ऐकलंस? इथे माणसाचा पाय चाललाय आणि हे डॉक्टर चेष्टा करणार म्हणे. ह्यांना पुण्याला नेऊ."

पुणं रेल्वेनं दीड दिवस. आज झाकलं नाही तर हाड वाचणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"मम्मी, चेष्टा मतलब कोशिश."

"गप्प बैस. मला मराठी शिकवू नकोस."

डॉक्टर संमतीचा कागद उचलू लागले. अश्लेषाच्या दप्तरात हिंदीची वही होती. दहापैकी दोन गुणांचं एक पान तिनं पंधरा दिवस आईपासून लपवलं होतं. खाली बाईंचा लाल शेरा होता: 'और चेष्टा करो.'

तिनं वही काढली, दुमडलेलं पान उलगडून आईच्या मांडीवर ठेवलं, लाल शब्दाखाली बोट धरलं आणि दुसऱ्या हातानं पेन आईपुढे केलं.