मांड मोजायला आलेला साहेब

मांडावर टेप पसरलेली दिसली आणि सगुणने हातातली रोपांची जुडी तशीच चिखलात टाकली. मुळगावात टेप घेऊन आलेला माणूस कधी चांगल्यासाठी आला नव्हता. चिखलाच्या पायांनी तो बांधावरून तरातरा निघाला.

मांड म्हणजे गावाची शिगम्याची जागा. पहिला ढोल तिथेच वाजतो, देवाला गाऱ्हाणे तिथेच घालतात, आणि गाऱ्हाणे घालायचा मान सगुणच्या घराण्याचा.

"कोण रे तू? कोणाच्या हुकमान मोजतस?"

माणसाने टेप गुंडाळली. त्याच्या वहाणा मांडाच्या कडेला काढून ठेवलेल्या होत्या. सगुणने ते पाहिले, पण पाहिल्याचे दाखवले नाही.

"मी गोकुळदास. डिचोलीच्या गटविकास कचेरीत नवीन आलोय. मूळचा धारगळचा."

"धारगळचो आस नायतर दिल्लीचो. मोजतस कित्याक?"

"तुम्ही सगुणबाब ना? खोली बांधायची आहे. गावाला संगणक मिळतोय. दिवसा मुलं शिकतील, संध्याकाळी मोठ्यांना अक्षरं शिकवू. पंचायतीत म्हणाले, ही जागा मोकळीच आहे."

"मोकळी? अरे, देवळाचो गाभारोय मोकळोच आसता. थंय खाट टाकशीत?"

सून संजना पेजेचे भांडे घेऊन मांडाशेजारून शेतावर जात होती. बारावी होऊन घरी बसलेली. संगणक म्हटल्याबरोबर ती थबकली.

"बाबा, जरा ऐकान तरी घेवा त्यांचा."

"मागे ऐकलय गो. अजून डोळ्यांत माती आसा."

गोवा राज्य झाले त्या सुमारास खाणीचा ठेकेदार असाच गोड बोलत आला होता. डोंगराची मूठभर माती शेतात उतरणार नाही, असे त्याने मांडावर नारळ ठेवून सांगितले. गाऱ्हाणे सगुणनेच घातले. पुढच्या पावसात डोंगर लाल होऊन खाली आला आणि सगुणचे खालचे दोन वाफे गिळून बसला. तिथे अजून धड गवतही उगवत नाही. मांड तेवढा राहिला होता.

सगुण तडक घरी गेला आणि नारळ घेऊन आला.

"हो घे. मांडार ठेव आणि सांग, ही जागा सरकार कधीच आपली म्हणाचा नाय."

गोकुळदासने नारळ हातात घेतला. मांडासमोर उभा राहिला. मग वळला आणि नारळ सगुणच्या हातात परत दिला.

"हे मला नाही सांगता येणार. उद्या माझी बदली झाली की खुर्चीवर दुसरा. त्याच्या वतीने मी शब्द कसा देऊ? एकदा सरकारी भिंत उभी राहिली की पुढे काय होईल, मला माहीत नाही."

संजनाचा चेहरा पडला. झाले, गेला संगणक!

सगुण त्याच्याकडे बघतच राहिला.

"खोटा बोलाक येणा नाय, तर सरकारात टिकतलस कसो?"

"टिकतो कुठे? म्हणून तर गावोगाव फिरतोय."

"खाणवाल्यान माका सांगूकच लावूक नाय. तो आपणच नारळ घेवन इलो होतो." सगुणने नारळ काखेत मारला आणि शेतावरच्या खोपटाकडे बोट दाखवले. "मांड मेळाचो नाय. पण बांधाकडे माझो मांगर आसा, गवत भरून ठेवलेलो. थंय ठेव तुझा यंत्र. भिंत बांधूची नाय. चावी माझ्याकडे."

"चालेल. शिकवायला कोणीतरी लागेल."

"मी शिकवीन!" संजना बोलून गेली आणि सासऱ्यासमोर आवाज चढला म्हणून जीभ चावली. सगुण काही बोलला नाही. म्हणजे चालत होते.

"फक्त सरकारी केंद्र असं लिहावं लागेल," गोकुळदास चाचरत म्हणाला.

"कागदार काय व्हया ता लिही. दारार लिहू नको."

गोकुळदासने वहाणा घातल्या. त्याची जीप वळणाआड जाईपर्यंत सगुण तिकडेच बघत उभा होता. मागे वळून बघतो तर पेजेचे भांडे बांधावर तसेच, आणि संजना पदर खोचून मांगरातले गवत भाऱ्याभाऱ्याने बाहेर काढते आहे.

"अगो, सगळा काढू नको!" तो ओरडला. "अर्धा रवांदे. यंत्र येयपर्यंत त्या सायबाची बदली झाली तर परत कोण भरतला?"