जुन्या किल्टचं माप

वॉटी फ्लेटने पार्सल फाडलं ते मासे चिरायच्या सुरीने. आतली प्लास्टिकची पिशवी फुटली आणि नव्या रेक्झिनसारखा उग्र वास स्वयंपाकघरभर पसरला. त्याने तोंड फिरवलं.

"शी! याला किल्ट म्हणायचं?"

"स्वस्तातलं मागवलं तर स्वस्तातलंच येणार," त्याची बायको ईना चुलीपाशी खिमा ढवळत म्हणाली. "घालून तरी बघ."

मेलेला उंदीर शेपटीने उचलावा तसा वॉटीने तो किल्ट दोन बोटांनी वर धरला. स्कॉटलंडात पुरुष लग्नाकार्याला नेसतात तो गुडघ्यापर्यंतचा घागरा; लाल-हिरवी चौकडी, पत्र्याची बक्कलं, आणि मागच्या चुण्या अशा की कुणी घाईघाईने इस्त्री फिरवून पाडल्यात.

"टेबलावर अंथरायला बरा आहे," तो म्हणाला आणि पाय आपटत आत गेला.

पुढच्या महिन्यात त्यांच्या पोरीचं, रोनाचं लग्न. वॉटीचा स्वतःचा किल्ट होता, चांगला जड लोकरीचा. त्याच्या लग्नात, आणि नंतर बकी गावातल्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक मयतीत त्याने तोच घातला होता. ईस्टरला कपाटातून काढला तर त्याला कसर लागलेली. झटकल्याबरोबर पांढऱ्या अळ्या गादीवर पडल्या. नवा शिवून घ्यायचा तर शिंपी हिवाळ्याचा वायदा करत होता. मग रोनाने इंटरनेटवर एक विकणारा शोधून काढला. त्याची किंमत ऐकून सगळ्यांनी नाकं मुरडली. नवऱ्या मुलाच्या, स्ट्रुअनच्या, दोन्ही काकांनाही किल्ट हवे होते, पण ते पक्के. म्हणाले, आधी वॉटीला मागवू दे. तो बुडाला नाही तर आम्हीही मागवतो.

माप घ्यायच्या दिवशी ईना टेप घेऊन आली, तेव्हा वॉटीने तिचा हात झटकला होता.

"मला काय मापतेस? जुन्या किल्टचं घे. लग्नापासून पट्ट्याचं तेच भोक आहे. एक भोक पुढे नाही की मागे नाही."

या एका गोष्टीचा त्याला भारी गर्व. लग्नाकार्यात दोन घोट पोटात गेले की कोट बाजूला सारून तो ते झिजलेलं भोक लोकांना दाखवी. तेव्हा ईनाने तो कसर लागलेला किल्ट टेबलावर पसरला, त्याच भोकात पट्टा अडकवून कंबर मापली आणि आकडा कळवून टाकला.

मागचं दार ढकलून डॉड आत आला. दार वाजवायची पद्धत त्याच्यात नव्हती. वॉटीबरोबर त्याने एकाच बोटीवर जन्म काढला होता.

"आलं म्हणे पार्सल? कुठाय नवरदेव?"

"बापाचं चाललंय, नवरदेवाचं नाही," ईना म्हणाली.

तेवढ्यात वॉटी बाहेर आला. पट्टे शेवटच्या भोकापर्यंत ओढलेले, तरी किल्ट दोन्ही मुठींनी धरलेला. डॉडला पाहून त्याने एक मूठ सोडली, तसा किल्ट त्या बाजूने घसरून मांडीवर आला.

डॉड खो खो हसत सुटला. "अरे, यात आपण दोघं मावू! उजवीकडून तू चाल, डावीकडून मी. पोरीला मधे घेऊ!"

"हसतोस काय? मापाचा पत्ता नाही त्या भामट्यांना! लोकांच्या पोरींची लग्नं, आणि हे पोतं शिवून पाठवतात. लिहितो ना मी. सगळ्या जगाला कळू दे."

"लिही, लिही. माझंही नाव..." डॉडचं हसू मधेच थांबलं. त्याची नजर किल्टच्या खाली, वॉटीच्या पोटऱ्यांवर गेली होती. त्याने ती खिडकीबाहेर नेली.

"चहा टाकू?" ईनाने विचारलं.

"नको, निघतो. धक्क्यावर जायचंय." जाताना त्याने ईनाकडे एकदा पाहिलं आणि दार हळूच ओढून घेतलं. एरवी तो दार आपटून जात असे.

वॉटीने किल्ट काढून खुर्चीवर भिरकावला आणि विजार चढवून तो जेवायला बसला. ईनाने खिमा आणि बटाटे वाढले. त्याने काटा खुपसला, नाकापाशी नेला आणि ताट सरकवलं.

"वास मारतोय याला."

"कालच्या माशालाही मारत होता. परवाच्या सूपलाही."

"मग चांगलं आणत जा! सगळा बाजार चोरांचा झालाय. चहासुद्धा भांडी धुतल्या पाण्यासारखा लागतो."

फेब्रुवारीपासून हे असं चाललं होतं. ईनाने खाटीक बदलला, चहा बदलला, तेल बदललं. मासा शिळा की ताजा हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती, मासे कापण्यातच तिची हयात गेली होती. तिने डॉक्टरचं नाव काढलं की तो म्हणे, त्या लोकांच्या हाती एकदा सापडलं की संपलं. आणि विषय तिथेच मिटे.

तो पुढच्या खोलीत कम्प्युटरपाशी गेला. एका बोटाने कळा बडवल्याचा आवाज येऊ लागला.

ईनाने फ्रीजर उघडला. जुना किल्ट माशांच्या पाकिटांखाली, पिशवीत घट्ट बांधून ठेवला होता. थंडीने अळ्या मरतात म्हणून ठेवला, पण खरं तर फेकवत नव्हता. तो गार, कडक किल्ट तिने टेबलावर पसरला आणि पट्टा त्या झिजलेल्या भोकात अडकवला. नव्याचा पट्टा पार्सलमधून आला तेव्हा ज्या भोकात होता त्यातच परत लावला आणि तो वर ठेवला.

कडेला कड बसली.

तिने ओढून पाहिलं. टेप लावून पाहिली, उलट बाजूनेही लावली. विकणाऱ्याची सूतभरही चूक नव्हती. हा माणूस चोर निघाला असता तर किती बरं झालं असतं, असं तिला वाटलं. तिने ओट्याची कड धरून ठेवली.

फोन वाजला. रोना होती.

"आई, आला ना? स्ट्रुअनच्या काकांनी डोकं खाल्लंय माझं. मागवायचे का त्यांनी? माणूस विश्वासाचा आहे का तो?"

पुढच्या खोलीतलं बडवणं थांबलं.

भामटा आहे, मागवू नका, एवढं म्हटलं की झालं असतं. संध्याकाळ नेहमीसारखी गेली असती. उद्याही कशाला तरी वास आला असता.

"आई? ऐकू येतंय ना?"

"मागवा म्हणावं," ईना म्हणाली. पुढच्या खोलीत पोचेल इतक्या मोठ्याने म्हणाली. "कापड भिकार आहे. वास येतो. पण माणूस सच्चा आहे. आपण जे माप सांगितलं तेच त्याने दिलंय. जुन्यावर ठेवून पाहिलं मी."

"म्हणजे बाबांना नीट बसला ना?"

"मी करते तुला नंतर फोन."

वळली तर वॉटी दारात उभा. तो टेबलाशी आला. नव्या किल्टची कड त्याने अंगठ्याने दाबली, उचलली, पुन्हा दाबली. कुठे तरी फट सापडेल म्हणून सगळीकडून चाचपून पाहिलं. मग जुन्याच्या त्या झिजलेल्या भोकावर त्याचं बोट बराच वेळ राहिलं.

"कापड मात्र भिकारच आहे," तो म्हणाला.

"भिकारच आहे," ईना म्हणाली.

त्याने टेबलावरची टेप उचलून तिच्या हातात दिली. स्वेटर छातीपर्यंत वर केला आणि हात बाजूला धरून उभा राहिला.

"घे माझं माप. आणि त्या डॉक्टरला फोन कर सकाळी."

एवढ्या रुंद माणसाच्या पाठीमागे हात पोचवायचे तर पूर्वी तिला गाल त्याच्या छातीला टेकवावा लागे. आता तशी गरज पडली नाही. तिने तरीही टेकवला.