भुजंगाच्या हातची पिकदाणी

मित्रांनो, माझं नाव ऐकून नाक मुरडू नका. मी एक जुनी पिकदाणी आहे. पितळेची, कमरेत बारीक, आणि तोंड धोतऱ्याच्या फुलासारखं पसरट. पान खाणाऱ्यानं पिंक टाकायची ती माझ्यात. जुने साहेब लोक मला उगालदान म्हणत. तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक नाही, कारण तुमच्यापैकी बहुतेकांनी मला पाहिलेलंच नसणार. आता माझं वय झालं आहे. पितळही थकतं, मित्रांनो, फक्त ते कुणाला दिसत नाही.

हैदराबादेत एका तांबटानं मला ठोकून ठोकून आकार दिला. त्याच दिवशी त्याच्या हातून एक पानदान आणि एक गुलाबदाणी तयार झाली. आम्ही तिघं एकाच पेटाऱ्यातून गंगाखेडच्या तहसीलदार साहेबांच्या बंगल्यावर आलो. पानदानाच्या वाट्याला पानं आली, गुलाबदाणीच्या वाट्याला गुलाबपाणी. माझ्या वाट्याला आलं ते तुम्हाला माहीतच आहे.

बंगल्यावर भुजंग नावाचा शिपाई होता. साहेब बसतील तिथं मला घेऊन उभं राहायचं, त्यांनी मान वळवली की मला पुढं करायचं, आणि मी भरले की मागच्या दारी नेऊन धुऊन आणायचं, हे त्याचं काम. चिंच लावून, राखेनं घासून तो मला असा लखलखीत करी की पाहुणे म्हणत, "वा, काय चमक आहे!" साहेब मान डोलावत. घासणारा तिथंच उभा असे, पण त्याच्याकडं कुणी बघत नसे. बारा वर्षं त्यानं मला धरलं. घरी गेला की त्याची बायको भिवराबाई त्याला आधी मातीनं हात धुवायला लावी आणि मगच भाकर वाढी. तरी तो म्हणायचा, "वास जात न्हाई गं."

पुढं निजामाचं राज्य गेलं. साहेब एका दिवसात सामान बांधून हैदराबादेला निघाले. पानदान नेलं, गुलाबदाणी नेली. मी खाटेखाली राहून गेले. नवे साहेब पान खात नव्हते. ते म्हणाले, "ही घाण उचला इथून." भुजंगानं मला उपरण्यात गुंडाळलं आणि घरी आणलं.

"ही कायला आणलीत?" भिवराबाई म्हणाली.

"बारा वर्षं धुतली," भुजंग म्हणाला. "दुसरं काय हाय माझ्याजवळ त्या बंगल्याचं?"

मग छप्पन्न साल आलं. भुजंगानं धम्म घेतला, पंचशील घेतलं. त्याच्या सहा वर्षांच्या मुलीचं पाळण्यातलं नाव बदलून धम्मशीला ठेवलं. पाचवं शील नशापाणी न करण्याचं. भुजंग आधी शिंदी पीत असे, अगदी आवडीनं. ती त्या दिवसापासून सुटली.

महिन्याभरात भावकीत लग्न निघालं. मांडवात चार दोस्तांनी त्याला धरलं, आणि हसत हसत एकानं शिंदीचा गडवा त्याच्या तोंडाला लावला. तोंड भरलं. आता करायचं काय? मांडवात थुंकावं तर लग्नघराचा अपमान. गिळावं तर शील मोडतं. भुजंग उठला आणि दोन्ही गाल फुगवून चालू लागला. वाटेत लोक हाका मारत होते, "भुजंगा, जेवण झालं का?" तो नुसती मान हलवी. साऱ्या गावातून तसाच तो घरी आला, मला कोपऱ्यातून ओढलं आणि तोंड रिकामं केलं.

छोटी धम्मशीला दारात उभी राहून बघत होती. भुजंग चूळ भरून तिला म्हणाला, "शीले, तोंडात आलं म्हंजी पोटात गेलं असं न्हाई. गिळायचं का न्हाई, ते आपल्या हाती असतंय."

त्यानंतर त्यानं मला स्वतःच धुतलं. या वेळी दुसऱ्याचं थुंकलेलं नव्हे, स्वतःचं. मला तो दिवस विसरता येत नाही.

भुजंग गेला, भिवराबाई गेली. धम्मशीला शिकली, मास्तरीण झाली, पालमला राहायला आली. मीही तिच्याबरोबर आले. पण कामाशिवाय. कधी माझ्यात खडूचे तुकडे पडले, कधी बटणं, कधी गंजके खिळे. मग माळ्यावर गेले. तिथं वीसेक वर्षं अशी गेली की सांगण्यासारखं काहीच नाही. कल्हई उडाली, अंग काळं पडलं. कामानं थकवा येतो असं तुम्हाला वाटत असेल, मित्रांनो. बिनकामाचा थकवा त्याहून जड असतो.

खाली घरात काय चाललं आहे, ते ऐकू येई तेवढाच माझा विरंगुळा. धम्मशीलाबाई निवृत्त झाल्या. दर पौर्णिमेला विहारात वंदना त्याच सांगत. त्यांच्या मागं सगळे म्हणत. त्यांचा मुलगा बुद्धभूषण, त्याची मुलगी साधना. साधना लहानपणी आजीच्या कुशीत शिरून भुजंगाच्या फुगलेल्या गालांची गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकायची, आणि स्वतःचे गाल फुगवून खोलीभर चालायची. पुढं ती परभणीला अन्नशास्त्र शिकली आणि नाशिककडं नोकरीला गेली. "द्राक्षाच्या रसाचा कारखाना हाय," असं तिनं आजीला सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

गल्लीतला नागेश शेतकऱ्यांच्या सहलीबरोबर नाशिकचे द्राक्षमळे बघायला गेला. येताना मंडळींनी एक वायनरीही पाहिली, वाईन चाखली. तिथं त्याला साधना दिसली. तिच्या हातात पेला होता. नागेशनं मोबाईलवर चित्रण केलं. साधना पेला तोंडाला लावते, घोट घेते, इथपर्यंत. मग त्यानं फोन खिशात टाकला. ते चित्रण सगळ्या पालमनं पाहिलं.

त्या पौर्णिमेला विहारात सिद्धोधन नावाचे म्हातारे सभासद वंदना झाल्यावर म्हणाले, "बाई, पाचव्या शीलाला आवाज बारीक झाला की तुमचा. का घरच्यायला माफ हाय ते?"

दोन-चार जण हसले. धम्मशीलाबाई तडक घरी आल्या. पुढच्या पौर्णिमेला त्या गेल्याच नाहीत. मुलाला म्हणाल्या, "चल नाशिकला. पोरीला घेऊन येऊ."

"आई, ती दारू न्हाई. वाईन म्हणतात तिला."

"बाटलीला बूच हाय न्हवं? मग दारूच."

बुद्धभूषणनं येतानाच्या गाडीची तीन तिकिटं काढली. जाताना दोघं, येताना तिघं. साधनाला फोनवर फक्त आम्ही येतोय एवढंच कळवलं. ती म्हणाली, "बाबा, माळ्यावरची पणजोबांची पिकदाणी आणा."

"शोभेला ठेवायची असंल," धम्मशीलाबाई कोरड्या आवाजात म्हणाल्या. पण आणायला नको म्हणाल्या नाहीत.

जुन्या लुगड्यात गुंडाळून मला पिशवीत घातलं. देवगाव फाट्याला गाडी थांबली, तेव्हा बुद्धभूषणनं चहा आणून दिला. बाईंनी तो तसाच हातात धरून ठेवला. सगळ्या वाटेत त्या एकच वाक्य बोलल्या. "बाबानं गाल फुगवून गाव पार केलं, अन् ह्या पोरीला एक पेला बाजूला ठेवता आला न्हाई."

वायनरी टेकडीच्या उतारावर होती. खाली तारांवर चढवलेल्या द्राक्षवेलींच्या ओळी दूरवर गेलेल्या. आत उंच स्टीलच्या टाक्या, थंडगार तळघरात लाकडाची पिंपं, आणि सगळीकडं आंबलेल्या फळांचा वास. पुण्या-मुंबईचे पाहुणे घोळक्यानं हिंडत होते, फोटो काढत होते. शेवटी सगळे चवीच्या खोलीत आले. लांब टेबल, त्यावर पातळ काचेचे पेले. टेबलामागं साधना उभी.

तिनं आजीला पाहिलं. पुढं येऊन पाया पडली. बाईंनी पाय मागं घेतले नाहीत, पण डोक्यावर हातही ठेवला नाही. साधनानं पिशवी घेतली, मला बाहेर काढलं, आणि तशीच काळीकुट्ट मला त्या चकचकीत टेबलावर ठेवलं.

"किती सुंदर फुलदाणी," एक पाहुणी म्हणाली, आणि हात पुसलेला कागद माझ्यात टाकला.

"अँटिक दिसतेय," तिचा नवरा म्हणाला. "विकायची आहे का?"

"नाही सर," साधना कागद काढून घेत म्हणाली. "कामाची आहे."

मग ती सांगू लागली. वाईन आधी बघायची. पेला हलकेच फिरवायचा. वास घ्यायचा. छोटा घोट घेऊन जिभेवर घोळवायचा. पाहुणे तसं करत होते आणि गिळत होते. साधनानंही घोट घेतला. कोपऱ्यातल्या खुर्चीत धम्मशीलाबाईंनी ओठ घट्ट मिटले. जे चित्रणात पाहिलं तेच समोर घडत होतं.

पण या वेळी पाहणं तिथं संपलं नाही. साधनानं गाल फुगवले. क्षणभर ती तशीच उभी राहिली. मग वाकली आणि सगळं माझ्यात टाकलं. एक थेंब बाहेर उडाला नाही. माझ्या साहेबांना ते बारा वर्षांत जमलं नव्हतं.

पाहुण्यांतलं कुणीतरी हसलं. "वाया घालवताय की तुम्ही."

"दिवसाला चाळीस वाईन चाखते मी," साधना म्हणाली. "गिळल्या असत्या तर संध्याकाळी तुम्हाला माझ्याकडून काय समजलं असतं?"

खुर्चीत बसलेल्या बाई आता पुढं झुकल्या होत्या. दुसरा पेला. फुगलेले गाल. मी. तिसरा पेला. फुगलेले गाल. मी. बाई नातीच्या गळ्याकडं बघत होत्या. गळा एकदाही हलला नाही. सत्तर वर्षांपूर्वी दारात उभी राहिलेली सहा वर्षांची मुलगी जशी बघत होती, तशाच त्या बघत होत्या.

वायनरीच्या मोठ्या मॅडम, शुभदाताई, तिथून जाता जाता बाईंना म्हणाल्या, "ही तुमची नात का? दोन वर्षं झाली, हिला एक घोट गिळताना पाहिलेलं नाही कुणी. आम्ही आधी हसायचो. आता बिघडलेलं पिंप सगळ्यांत आधी तिलाच कळतं."

पाहुणे गेले. खोलीत घरचे तिघं आणि मी उरलो.

"तू गिळत न्हाईस," बाई म्हणाल्या. "बघितलं म्या."

"न्हाई आजी."

"मग मला आधी का न्हाई सांगितलंस?"

"तू वाईनचं नाव ऐकूनच उठून गेली असतीस. माझं पुढं ऐकलं असतंस का?"

"बरं. पण गिळणाऱ्यायला वाटतीस की. त्याचं काय?"

साधना टेबल पुसत राहिली. "त्याचं उत्तर माझ्याजवळ न्हाई," ती शेवटी म्हणाली. "मला चव कळते, आजी. तेवढंच मला लय चांगलं कळतंय. पुढं कधी दुसऱ्या कशात ती लावता आली तर लावीन. खोटं कशाला बोलू?"

तेवढ्यात साफसफाईची बाई आत आली. भरलेली पिकदाणी बघून तिनं मला उचलायला हात पुढं केला.

"राहू द्या मावशी," साधना म्हणाली. "माझं आहे. मी धुते."

ती मला नळाखाली घेऊन गेली. मागं पावलं वाजली. धम्मशीलाबाई आल्या होत्या. त्यांनी पदर खोचला, आणि पिशवीतली प्रवासाची पुडी सोडून त्यातली चिंच काढली. वरण-भाताला नातीकडं लागेल म्हणून आणली होती ती. तिचा गोळा माझ्या काळ्या अंगावर त्या घासू लागल्या.

"माझ्या बापानं दुसऱ्याचं थुंकलेलं धुतलं," त्या म्हणाल्या. "तू आपलं धुतीस. मला एवढं पुरं हाय. बाकीचं तुझं तू बघ. अन् ते उत्तर शोधायचं सोडू नको. मी इचारत राहीन."

साधना रडली असावी. नळ मोठा सोडला होता, त्यामुळं मला नीट कळलं नाही. पण माझं अंग उजळत होतं. भुजंगानंतर पहिल्यांदा.

येतानाची तीन तिकिटं होती. गाडीत दोघंच बसले, आणि तिसऱ्या जागेवर द्राक्षांची पेटी.

पुढच्या पौर्णिमेला बाई विहारात गेल्या आणि पाचही शीलं खणखणीत आवाजात सांगितली. सिद्धोधन काकांनी विचारलंच, "मग, आणली का पोरीला?"

"न्हाई. ती गिळत न्हाई, मी बसून बघितलं," बाई म्हणाल्या. "काका, तुमी चित्रण शेवटपत्तूर बघत जावा."

हे साधना फोनवर ऐकून हसली, म्हणून मला कळलं. मी आता नाशिकलाच असते. दिवसभर टेबलावर उभी. लोक येतात, हसतात, पितात. कुणी माझ्यात कागद टाकतं, कुणी द्राक्षाची देठं. संध्याकाळ झाली की मला फार थकवा येतो. बाईंच्या प्रश्नाचं उत्तर अजून सापडलेलं नाही, तो प्रश्नही माझ्यासमोरच पडून असतो. पण रोज संध्याकाळी साधनाच मला धुते. त्यात एक दिवसही खंड पडला नाही.

मित्रांनो, मी म्हातारी झाले. माझं एकच मागणं आहे. तोंडाशी कुणी काही आणलं तर गिळायचं का नाही ते तुम्ही ठरवा, आणि तुमचं उष्टं तुम्ही धुवा. आणि कधी ते दुसऱ्या कुणी उचलून नेलं, तर मान खाली घालून बसू नका. त्याच्याकडं बघा, त्याचं नाव विचारा. माझी चमक बघून कितीतरी पाहुणे वा म्हणाले, पण बारा वर्षांत ते नाव कुणी विचारलं नाही.

त्याचं नाव भुजंग होतं.