माझ्यामुळे गेलेला सोमवार

मित्रांनो, तुमच्या आजोबांना विचारा, ते मला लगेच ओळखतील. मी टेपरेकॉर्डर आहे. उदगीरच्या एका घरात खिडकीजवळच्या फळीवर बसून असतो. मला कॅसेटची दोन तोंडे आहेत, त्यातले एक केव्हाच बंद पडले आहे. उचलायची मूठ एका बाजूने तुटली आहे, तिथे सुतळी बांधली आहे. म्हाताऱ्या वस्तू गोष्ट सांगायला बसल्या की आधी स्वतःचे कौतुक करून घेतात. मीही थोडे करणार आहे. पण मला तुमच्यापुढे एक कबुलीही द्यायची आहे आणि ती दिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवते ते नांदेडमधले वजिराबादेतले दुकान. तीस वर्षे झाली असतील. तिथे एक सडपातळ तरुण आला. त्याने खिशातून स्वतःची कॅसेट काढली आणि एकच गाणे दुकानातल्या सगळ्या टेपवर लावून पाहिले. तास उलटला. शेवटी दुकानदार वैतागून म्हणाला, "शेठ, टेप घेऊन राहिले का सोयरीक जमवून राहिले?"

"सोयरीक झाली की मागच्या साली," तो म्हणाला. "तिला बघायला एवढा वेळ न्हाई लागला."

हेच माझे मालक, मल्लिनाथअप्पा. उदगीरला त्यांचे कापडाचे दुकान आहे. बसमध्ये त्यांनी मला मांडीवर घेतले आणि घर येईपर्यंत खाली ठेवले नाही.

असा मालक मिळायला भाग्य लागते. दर रविवारी ते कापसाच्या बोळ्याने माझे डोके, म्हणजे फीत वाचणारा भाग, पुसायचे. भिंतीतली दोन कपाटे कॅसेटींनी भरली होती आणि एकीवरही धुळीचा कण नसे. संध्याकाळी दुकान बंद करून यायचे, हातपाय धुऊन भस्म लावायचे, लिंगपूजा करायचे आणि मग माझ्यासमोर डोळे मिटून बसायचे. त्यांचा कान फार तयार होता. तबला जरा उतरला असला तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची.

मात्र मैफलीला जायचे नाव काढले की अप्पा हात जोडत. तरुणपणी ते लातूरला एकदा मोठ्या हौसेने गाणे ऐकायला गेले होते. मागे बसलेला माणूस शेवटपर्यंत भुईमुगाच्या शेंगा फोडत होता. मध्येच माइक किंचाळला, मग कुणाचे तरी पोर रडले. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला. म्हणायचे, "घरी ऐकलेलं लई बरं. गवई आपल्या फुरसतीनं बसतो, आपण म्हणलं की थांबतो. खोकला न्हाई, गलका न्हाई." हे ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढत असे.

आता त्यांच्या घरातल्या माणसाविषयी सांगतो. अप्पांच्या पत्नी रुद्राणीबाई गात असत. दर सोमवारी संध्याकाळी मठात बायकांचे भजनी मंडळ बसायचे. तिथे प्रत्येकीची बारी, म्हणजे पद म्हणायची पाळी, ठरलेली. केवळाबाईंच्या मागून रुद्राणीबाईंची बारी यायची. आवाज थोडा जाड होता आणि वर जाताना किंचित चिरकत असे. मी शेकडो गळे ऐकले आहेत, पण तो चिरका सूर आला की माझ्या आतली चाके नीट फिरायची नाहीत, असे मला वाटे.

बाकीच्या बायकांचे नवरे, पोरे मठात येऊन मागे बसायची. अप्पा कधी गेले नाहीत. ते म्हणाले, "टेप घेऊन जा. भरून आण, मी घरी निवांत ऐकतो." सोमवारी रुद्राणीबाईंनी मला उचलले, मठात नेले, मंडळाच्या मधोमध ठेवले आणि बटण दाबले.

रात्री जेवणे झाल्यावर अप्पांनी कॅसेट लावली. केवळाबाईंचे पद संपले, खट्‌ असा आवाज आला आणि एकदम त्यांच्या पुढच्या बाईचे पद सुरू झाले.

"तुझं कुठं हाय?" अप्पांनी विचारले.

"मठात ऱ्हायलं," त्या म्हणाल्या. "यायचं आणि ऐकायचं."

आपली बारी आली की त्या स्वतःच मला थांबवत. बटण दाबून मगच पहिला सूर लावत. म्हणून मी त्यांचे प्रत्येक पद ऐकले आहे आणि एकही माझ्याजवळ नाही. पुढच्या सोमवारीही तसेच झाले आणि त्याच्या पुढच्याही. अप्पा हसायचे, "हट्टी हाय बाई," म्हणायचे, आणि म्हणायचे, "येतो की एकदा." त्या एकदाला मुहूर्त सापडला नाही. दुकान होते, लग्नसराई होती आणि बाई काय, घरातच होत्या. त्यांची मुलगी मंजुषा मोठी झाली, लग्न होऊन नांदेडला गेली, तरी नवराबायकोचा हा खेळ चालूच होता.

मध्ये माझे दिवस फिरले. अप्पांनी मुठीएवढा एक स्पीकर आणला, तो मोबाइलवरची गाणी म्हणू लागला. कॅसेटींची कपाटे बंद झाली. माझ्या अंगावर वर्तमानपत्रे साचू लागली. सोमवार तेवढा माझा राहिला. मठात मोबाइल आत नेत नाहीत, दारातल्या टोपलीत ठेवावा लागतो. मला मात्र जुन्या महाराजांनी एकदा परवानगी दिली होती, ती कुणी काढून घेतली नाही. कॅसेटी मिळेनाशा होणार हे ओळखून अप्पांनी कोऱ्या कॅसेटींचे एक खोकेच आणून ठेवले होते. त्यामुळे साऱ्या गावात बहुधा मीच एकटा टेपरेकॉर्डर नोकरीत होतो.

दोन वर्षांपूर्वी रुद्राणीबाईंच्या गळ्यात गाठ निघाली. लातूरच्या डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितले की गाठ काढावीच लागेल, नाहीतर जीवाला धोका आहे. पण ती आवाजाच्या नसेला धरून होती. बोलणे राहील, गाण्याची खात्री देता येत नाही, असे ते म्हणाले. ऑपरेशन बुधवारी ठरले. मध्ये एकच सोमवार होता.

रविवारी दुपारी रुद्राणीबाई अप्पांसमोर येऊन बसल्या. "उद्याच्याला तरी या," त्या म्हणाल्या. "एवढं एकच मागून राहिले."

अप्पांचे डोळे भरून आले. मित्रांनो, त्यांचे बाईंवर प्रेम नव्हते असे समजू नका. होते, आणि खूप होते. पण आवडीची गोष्ट म्हणजे घरी आणून नीट ठेवलेली गोष्ट, हेच त्यांना आयुष्यभर ठाऊक होते. ते म्हणाले, "तिथल्या गलक्यात तुझा आवाज कुठं ऐकू येणार? उद्या घरी बसू. असा साफ भरून घेतो की जन्मभर पुरंल. मठाच्या वक्ताच्या आत होऊन जाईल, मग तू जा, मीबी येतो."

माझी कबुली आता ऐका. हे ऐकून मी हरखून गेलो. इतकी वर्षे त्या बाईंनी मला गप्प बसवले होते. उद्या त्या माझ्यासाठी गाणार होत्या! 

सोमवारी चारला अप्पांनी तयारी सुरू केली. खिडक्या लावल्या, त्यांवर गोधड्या टांगल्या. पंखा बंद केला. घड्याळाची टिकटिक नको म्हणून त्याचा सेल काढला. माझे डोके तीनदा पुसले, नवी कॅसेट घातली. मठात भजन सहाला सुरू व्हायचे, म्हणजे वेळ हाताशी होता.

रुद्राणीबाईंनी डोळे मिटले आणि पहिली ओळ धरली. गल्लीतून कांदेवाल्याचा गाडा ओरडत गेला.

"थांब," अप्पा म्हणाले. "परत."

त्यांनी परत धरली. शेजारी कुकरची शिट्टी झाली.

"थांब. परत."

मग एक मोटारसायकल गेली. मग छपरावर कबुतर घुमले. एकदा तर बाईंनी नुसता आवंढा गिळला, तोही माझ्यात उतरला. "थांब. परत." दर वेळी अप्पा कॅसेट मागे फिरवायचे आणि पुन्हा सुरुवातीपासून. खोली कोंदट झाली होती. बाईंच्या कपाळावरचे भस्म घामाने पुसले गेले होते. अप्पांचे लक्ष मात्र माझ्यावर होते. आवाज वाढला की माझे बारीक लाल दिवे लुकलुकतात, त्यांच्याकडे ते टक लावून बघत होते.

"किती वाजले?" बाईंनी विचारले. घड्याळ बंद होते. अप्पांनी मोबाइल पाहिला. सहा वाजून गेले होते.

"माझी बारी आली आसंल तिकडं."

"झालंच आता. एक डाव शांत होऊ दे."

एक डावही शांत झाला नाही. गाव आहे ते, कसे होणार? सातच्या सुमारास बाईंचा गळा बसला. दुखऱ्या गळ्याने अडीच-तीन तास एकच ओळ म्हटल्यावर दुसरे काय होणार? त्या उठल्या आणि त्यांनीच मला बंद केले.

"मला समोर माणूस लागतं हो," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "तुम्ही डब्याकडं बघून राहिले."

मित्रांनो, तो डबा म्हणजे मी. मी काहीही केले नाही हे खरे आहे. नुसता बसून होतो. पण माझ्यामुळेच त्या दिवशी दोन माणसे घरात कोंडली गेली आणि मठातली जागा रिकामी राहिली. या गोष्टीची मला अजून लाज वाटते.

ऑपरेशन चांगले झाले. डॉक्टरांनी बाईंचा जीव वाचवला. बोलणे कुजबुजण्याएवढे उरले आणि गाणे गेले. 

मग कितीतरी दिवस अप्पा दुपारी दुकानातून घरी येत आणि सोमवारच्या जुन्या कॅसेटी एकेक करून लावत. कुठेतरी बाई बटण दाबायला विसरल्या असतील, एखादी तरी ओळ निसटून आली असेल, अशी त्यांना आशा होती. केवळाबाईंचे पद संपायचे, अप्पा पुढे वाकायचे आणि खट्‌ व्हायचे. सगळ्या कॅसेटी संपल्यावर त्यांनी ती शेवटची लावली. अर्धी ओळ ऐकू आली. "थांब. परत." पुन्हा अर्धी ओळ. "थांब." मागे फिरवून फिरवून तिच्यात एवढेच उरले होते.

रुद्राणीबाई दारात आल्या. "काय ऐकून राहिले?" त्यांनी कुजबुजत विचारले.

"माझाच आवाज," अप्पा म्हणाले आणि ओक्साबोक्शी रडले.

काही दिवसांनी केवळाबाई घरी आल्या. "अक्का, सोमवारी या. तुमची बारी राहून चालली," त्या म्हणाल्या.

बाईंनी गळ्याकडे बोट दाखवले.

"म्हणून काय झालं? आपल्यात बारी मोडत न्हाई. जिचा गळा बसला तिनं नुसतं बसायचं. तिच्या पदाएवढा वेळ टाळ आम्ही धरतो. रीतच हाय ती."

त्या सोमवारी बाई निघाल्या. सवयीने त्यांनी मला उचलले. अप्पांनी मला त्यांच्या हातातून घेतले आणि फळीवर परत ठेवले. "ह्याला ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. पायात चपला सरकवल्या आणि बाईंच्या मागोमाग गेले. बाई मठात गेल्या आणि मी घरी राहिलो, असे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच झाले, आणि मला बरे वाटले. 

मठात काय झाले ते मी पाहिले नाही. परत आल्यावर अप्पांनी मंजुषाला फोन लावला, तेव्हा ऐकले तेवढे सांगतो. फोनचा आवाज मोठा होता.

"अव्वा गेली होती का हो मठात?" मंजुषाने आईविषयी विचारले.

"हाव. मीबी गेलतो."

"तुम्ही?" पोरीला खरे वाटेना. "मग? काय झालं अव्वाच्या बारीला?"

"टाळ वाजला नुसता. सगळ्या बाया गप." अप्पा म्हणाले. "पण मंजे, तिचे ओठ हलून राहिले होते. सबंध पद म्हणली ती, आतल्या आत. तिचा डावा हात असा वर जातो बघ, आणि मान अशी कलती होती. आणि चेहरा... माहिताय का तुला, गाताना तिचा चेहरा कसा होतो?"

"माहिताय की, अप्पा," मंजुषा म्हणाली. "मी ल्हानपणापासून बघितलाय."

"मला न्हाई माहीत," अप्पा म्हणाले. "मी आज बघितला." बाईंनी त्यांच्या हातातून फोन घेतला.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी सांगतात की आम्हाला जपा. मी तसे सांगणार नाही. मला जपले नाहीत तरी चालेल, माझे आयुष्य लाडात गेले आहे. घरी गाणी जरूर ऐका, त्यात काही वाईट नाही. ज्यांना दारापर्यंतही जाता येत नाही, त्यांना आमचाच आधार असतो. पण तुमच्या ओळखीचे कुणी गात असेल, वाजवत असेल, शाळेच्या गॅदरिंगला उभे राहणार असेल आणि त्याने तुम्हाला 'ये' म्हटले, तर हातातले टाकून जा. शेंगा फोडणारा माणूस शेजारी बसला तरी बसू द्या. पुढे जागा मिळाली तर पुढे बसा, मोबाइल खिशात ठेवा आणि गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघा. माझ्यात आवाज मावतो, माणूस मावत नाही. हे मला कुणी सांगितले नव्हते आणि अप्पांनाही नाही.

आता अप्पा एकही सोमवार चुकवत नाहीत. सगळ्यांच्या आधी जाऊन पुढे बसतात. मध्येच कुणी खोकले तरी ते चिडत नाहीत, असे केवळाबाई सांगत होत्या. आपल्या बारीला रुद्राणीबाई ओठ हलवतात आणि अप्पा बघत राहतात. त्यांना उशीर झाला तो फक्त एका सोमवाराचा, माझ्यामुळे गेलेल्या त्या सोमवाराचा.