सासूबाईंचा उलटा उपवास

ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासाच्या तिसऱ्या आठवड्यात झाहियाबाई बाकल्याचे तामिया वडे तळता तळता चुलीपुढेच कोसळल्या. कढई उलटली नाही हे नशीब. नर्गिसनं, त्यांच्या सुनेनं, रिज्कच्या बायकोनं, धावत येऊन तोंडात साखरेचं पाणी घातलं. शुद्धीवर येताच बाईंनी पहिला प्रश्न केला, "वाजले किती?"

दोन वाजले होते. रोजचा उपवास सुटायचा तीनला.

"एक तास थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?" असं म्हणून बाईंनी सुनेलाच फैलावर घेतलं.

नर्गिसनं कपाळावर हात मारला. सहा महिन्यांपूर्वी बाईंच्या मधुमेहाच्या गोळ्या बंद होऊन रोज सकाळची इन्सुलिनची सुई सुरू झाली होती. सुई घेतली की खावं लागतं, हे शेंबड्या पोरालाही समजेल. बाई मात्र सुई घेऊन वर तीन वाजेपर्यंत कडकडीत उपाशी राहत होत्या; तीननंतरही अंडं, दूध, मांस वर्ज्यच. आणि हे त्यांना विचारायची मिन्या शहरातल्या त्या ख्रिस्ती गल्लीत कुणाची छाती नव्हती. वर्षाकाठी दोनशेच्या वर उपवास करणारी बाई! नवीन सुनांना त्यांचं उदाहरण देत.

डॉक्टर हातेम स्वतः रमजानचे रोजे न चुकता धरणारे. ते म्हणाले, "माझी आई तुमच्याइतकीच हट्टी आहे, तेव्हा मला गुंडाळू नका. सुईनंतर अर्ध्या तासात अंडं, दही, पाव. दुपारी बाराला पुन्हा. नाहीतर एक दिवस अशा पडाल की पाणी घशाखाली उतरायचं नाही."

बाईंनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी जिन्यातलं मांजर बाईंच्या बशीपुढे मिशा चाटत बसलेलं नर्गिसला दिसलं.

मग तिनं चर्चचे पाद्री अबूना मित्तियास यांना घरी आणलं. चाळीस वर्षं बाई आपली पापं यांच्याच कानात सांगत आल्या होत्या.

"झाहिया, उपवास म्हणजे काय गं?" अबूनांनी विचारलं.

"आपल्याला आवडतं ते देवासाठी सोडायचं. तुम्हीच शिकवलंत."

"तुला अंडं आवडतं?"

"मुळीच नाही."

"मांस?"

"जेमतेम."

"मग तुला काय आवडतं ते मी सांगतो. तुला उपवास आवडतो. झाहियासारखा उपवास कुणाला झेपत नाही, हे ऐकायला आवडतं. ते सोड."

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. "लोक तोंडात शेण घालतील, अबूना. ऐन उपवासात अंडी खाते म्हणतील."

"म्हणू देत. प्रभूलाही लोकांनी खादाड म्हटलंच होतं. सुई टोचेल, घास अडकेल, लाज वाटेल. ते सगळं त्याच्या क्रूसापाशी नेऊन ठेव. बाकीच्यांचा उपवास ईस्टरपर्यंत, तुझा मरेपर्यंत. झेपत नसेल तर तसं सांग."

म्हातारा मोठा वस्ताद. झेपत नाही हे शब्द झाहियाबाईंच्या तोंडून कधी निघाले नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सातला बाई क्रूसाची खूण करत, "प्रभू, हे तुझं," म्हणून पोटात सुई खुपसत आणि मग अंड्यापुढे बसत. डोळ्यांतून पाणी वाहायचं, जबडा चालायचा. नर्गिस दाराआडून पाहायची. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. या बाईची तिला भीती वाटायची, राग तर पुष्कळदा यायचा. आता मात्र रोज एक अंडं खाणाऱ्या या म्हातारीइतकं शूर माणूस आपण पाहिलेलं नाही, असं तिला मनापासून वाटू लागलं.

समोरच्या इस्तीरनं लवकरच नाक वर केलं. खिडकीतून ओरडली, "रिज्कच्या आई, तळलेल्या अंड्याचा वास कुठून गं येतोय?"

"माझ्याच घरातून! येतेस खायला?"

 नर्गिस खिडकी लावायला धावली, तर बाई म्हणाल्या, "राहू दे उघडी. लपवून खाल्लं तर अर्धंच अर्पण होतं."

असे चार आठवडे गेले आणि गुड फ्रायडे आला.

त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत चर्चमध्ये प्रार्थना. धडधाकट माणसं पाण्याचा थेंब घेत नाहीत. बाईंनी सकाळची सुई आणि अंडं घरी उरकलं होतं. दुपारचा डबा नर्गिसच्या पिशवीत होता. बाराला दिवे मंद झाले, गुड फ्रायडेच्या प्रार्थनेचा दुःखाचा संथ सूर सुरू झाला, आणि बाईंच्या कपाळावर घाम दिसू लागला. हात थरथरत होते.

"आई, चला बाहेर."

"आज नको. एवढा एक दिवस."

"आई, हात बघा तुमचे."

"तो क्रूसावर टांगलेला आणि मी बाहेर बसून चरू? गप्प बस."

नर्गिसला रडू फुटायचं बाकी राहिलं. ही बाई इथेच, या बाकावर आपल्या हातून जाणार, असं तिला वाटलं. तिनं सासूच्या कानाशी तोंड नेलं. अकरा वर्षांत बोलली नव्हती ते बोलली. "हा उपवास त्याच्यासाठी आहे, आई, की या बायकांसाठी?"

बाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग बाकाचा आधार घेत त्या उठल्या आणि काळ्या कपड्यांतल्या बायकांच्या सगळ्या रांगांसमोरून सावकाश चालत अंगणात गेल्या.

भिंतीलगतच्या बाकावर बसून त्यांनी डबा उघडला, क्रूसाची खूण केली आणि अंडं फोडलं. दारातून माना वळल्या. "प्रभू, आज फार जड जातंय रे," बाई मोठ्यानं म्हणाल्या आणि पहिला घास घेतला. नर्गिस त्यांच्या आणि दाराच्या मध्ये उभी राहिली, तर त्यांनी हातानं तिला बाजूला सारलं.

तेवढ्यात इस्तीर बाहेर आली. आता ही काय टोमणा मारते म्हणून नर्गिसनं बाह्या सावरल्या. पण इस्तीर भिंतीला धरत धरत आली आणि बाईंच्या शेजारी धपकन बसली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

बाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "मधुमेहाला किती वर्षं झाली?"

"सहा," इस्तीर पुटपुटली. "घरात कुणाला माहीत नाही. या उपवासात दोनदा न्हाणीघरात पडले."

तिच्यामागून आणखी एक बाई आली. मग दुसरी, काठी टेकत.  झाहियाबाई सरकल्या, बाकावर जागा झाली. डब्यातलं दुसरं अंडं सोलून त्यांनी इस्तीरच्या थरथरत्या तळव्यावर ठेवलं.

"आधी क्रूस कर, मग खा," त्या म्हणाल्या. "रडत खाल्लंस तरी चालतं. मी रोज तसंच खाते."