घर बघायला लोक येतात तेव्हा

एजंटनं बजावलं होतं, "गिऱ्हाईक येईल तेव्हा मालक घरात नको. मालकाचं तोंड बघून भाव पडतो."

"माझंच का?" नवरा म्हणाला.

"दोघांचंही, साहेब."

म्हणून आम्ही बाहेर. संध्याकाळपर्यंत.

वेगळं व्हायचं ठरून वर्ष होत आलं. भांडून झालं, रडून झालं, भांडी वाटून झाली. राहिलंय ते घर. ते विकल्याशिवाय दोघांपैकी कुणालाच दुसरीकडे जाता येत नाही. आज तीन कुटुंबं येणार आहेत. कुणी हो म्हणालं तर आम्ही दोघांनी लगेच, एका फोनवर, हो म्हणायचं. त्यामुळे दिवसभर एकमेकांसोबत.

कलादालनांचं मीच सुचवलं. फुकट असतात, थंड असतात, आणि न बोलणाऱ्या माणसांकडे तिथे कुणी वळून बघत नाही.

(फोन नाही.)

पहिलं दालन. नुसते डोंगर. नवरा आधी चित्राखालची पाटी वाचतो, मग चित्र बघतो, मग पुन्हा पाटी वाचतो. सिनेमा संपल्यावर पडद्यावरचं शेवटचं नाव जाईपर्यंत बसणारा माणूस आहे हा. इतकी वर्षं मी शेजारी बसले, पर्स मांडीवर घेऊन, उठायच्या तयारीत.

"चल ना."

"अगं, अजून ती भिंत राहिली."

"तिथेही डोंगरच आहेत."

"वेगळे आहेत."

आमचीही एक पाटी लावता येईल:

*नवरा-बायको. उभे. मध्ये एक माणूस जाईल एवढी जागा.*

एक माणूस गेला. "सॉरी हं," म्हणाला.

(फोन नाही.)

दुसरं दालन. इथे चित्रं विकतात, हे आत गेल्यावर कळलं. टेबलामागची बाई लगबगीनं उठली. आम्ही एका मोठ्या निळ्या चित्रासमोर होतो, म्हणजे मी पाय दुखतात म्हणून थांबले होते आणि तो पाटी वाचत होता.

"हॉलसाठी बघताय का? भिंत केवढी आहे तुमची?"

मी नाही म्हणणार, एवढ्यात नवरा सुरू.

"सोफ्यामागची ना? चांगली मोठी आहे. खिडकी पश्चिमेला, म्हणजे चारनंतर ऊन येतं. हा निळा उन्हात फिका नाही ना पडणार?"

"नाही हो! उलट खुलेल."

"आणि पडदे आमचे पिवळसर आहेत. नाही का गं?"

बाई माझ्याकडे बघतेय. तोही बघतोय. खरोखर विचारतोय.

"पिवळसरच," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

बाहेर आल्यावर मी त्याला धारेवर धरलं. "कुणाची भिंत सांगत होतास? शरम नाही वाटत?"

"अजून आपलीच आहे."

"आज विकली गेली तर?"

"तर निळं चित्र उन्हातून वाचलं," तो म्हणाला आणि चालायला लागला. उलट्या दिशेनं. दोन पावलं जाऊन थांबला. फोन माझ्याकडे होता.

(अजूनही नाही. मी दोनदा आवाज तपासला.)

तिसरं दालन तळघरात. दारावरचा शिपाई म्हणाला, "आत अंधार आहे. एकदा सुरू झालं की मधे दार उघडत नाही, बाकीच्यांना त्रास होतो. फोन गप्प करा."

आत एक बाक आणि पडद्यावर समुद्र. नुसता. लाट येते, जाते. बाकीचे म्हणजे कुणीच नव्हतं. आम्हीच एकमेकांचे बाकीचे.

आणि तेव्हाच पर्समध्ये फोन थरथरला.

"एजंट! उठ, उठ."

"दार कुठेय?"

"तुझ्या बाजूला."

"ही भिंत आहे."

"मग पुढे सरक."

"हीसुद्धा भिंतच आहे गं!"

चारी भिंतींना एकच काळं कापड. मी चाचपडतेय, मागून त्यानं माझ्या कुर्त्याची बाही धरलेली. फोन थांबला. पुन्हा सुरू झाला. मी कापडावर बुक्क्या मारल्या. शिपायानं दार उघडलं तेव्हा डोळ्यांत उजेड घुसला आणि मी फोनवर ओरडले, "हो! आमचा होकार आहे!"

"ताई, आधी ऐका," एजंट म्हणाला. "एका कुटुंबाला घर पसंत आहे. किंमतही पसंत. पण त्यांच्या मुलाचं नवं लग्न आहे, आणि मुलाच्या आईनं, काकूंनी, आतल्या खोल्या बघितल्या. या खोलीत एक पलंग, त्या खोलीत एक. म्हणाल्या, भांडणाचं घर दिसतंय, आमच्या सूनबाईंना नको. मी म्हटलं, साहेब घोरतात."

"मी घोरत नाही," नवरा माझ्या कानाजवळून म्हणाला.

"आता घोरा, साहेब. उद्या सकाळी सूनबाईंना घेऊन परत येतायत. पलंग एका खोलीत आणा. आणि उद्या दोघंही घरात थांबा. जोडीनं. हसतमुख."

घरी. माझा पलंग उभा करून माझ्या खोलीतून काढायचा, त्याच्या खोलीत न्यायचा. मी आतून ढकलतेय, तो बाहेरून ओढतोय.

"तिरका कर."

"केलाय."

"माझ्याकडे तिरका कर."

पलंग दारात अडकला. मागे नाही, पुढे नाही. वर थोडी फट, त्यातून त्याचं कपाळ दिसतंय. माझ्या खोलीला दुसरं दार नाही.

"पाय काढावे लागतील," तो म्हणाला. "पाना आण."

"कुठून आणू? मी आत आहे."

"हां. मी शोधतो."

कपाट उघडल्याचा आवाज. खोकी सरकवल्याचा. आम्ही सगळं खोक्यांत भरून ठेवलंय, त्याचं वेगळं, माझं वेगळं, आणि पाना कुणाच्या वाट्याला गेला ते दोघांनाही आठवत नाही.

"अगं, हसतमुख म्हणजे किती वेळ?" बाहेरून आवाज आला.

"ते जाईपर्यंत."

"चहा कोण करणार?"

"तू कर. मी हसते."

मी गादीवर बसले. जमिनीवरच. फटीतून हॉलचा उजेड येत होता, आणि तो एकेक खोकं उघडत होता, आणि प्रत्येक खोक्यावर मी लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवत होता.